टायटॅनियम स्क्रू अल्ट्रासॉनिकमधून काढल्यावरही डाग, थ्रेडमध्ये पांढरं काहीतरी. धुण्यातूनच घाण येतेय का?

भोसरी_क्यूए

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटी बघते. आम्ही टायटॅनियमचे बोन स्क्रू करतो आणि थोडे डेंटल इम्प्लांट पण, मटेरियल सिक्स-फोर ईएलआय, म्हणजे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला टायटॅनियमचा अलॉय. स्लायडिंग हेड लेथवर निट (पाणी न मिसळलेल्या) कटिंग ऑइलमध्ये टर्निंग, मग डिबरिंग, मग अल्ट्रासॉनिक अल्कलाइन डिटर्जंटमध्ये ६० डिग्रीला १० मिनिटं, नळाच्या पाण्यात रिंझ, परत अल्ट्रासॉनिक, मग नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये पॅसिव्हेशन (पृष्ठभागावरचा संरक्षक ऑक्साइड नीट करणं), डीआय म्हणजे क्षार काढलेल्या पाण्यात रिंझ, ड्रायिंग. स्क्रूंना त्यानंतर अ‍ॅनोडायझिंग करून परत एक धुणं, मग क्लीनरूममध्ये पॅकिंग आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करायला बाहेर.

गेल्या काही लॉटपासून दोन त्रास चालू झालेत. एक म्हणजे अ‍ॅनोडायझिंगचा रंग हेडवर एकसारखा येत नाही, मध्येच फिकट ढग आल्यासारखे दिसतात. दुसरं, मायक्रोस्कोपखाली थ्रेडच्या तळाशी पांढरी बारीक रेघ दिसते, सगळ्यांना नाही, बास्केटच्या मधल्या जॉबना जास्त. वरून सायटोटॉक्सिसिटीचा (पेशींना विषारी आहे का त्याचा) रिपोर्ट एका लॉटला अगदी काठावर पास झाला. डिटर्जंटवाला म्हणतो माझं केमिकल ओके आहे, ऑइलवाला म्हणतो माझं ऑइल ओके आहे. साहेब म्हणतात अल्ट्रासॉनिक १० चं २० मिनिटं करा. आणि प्रॉडक्शनवाल्यांचं म्हणणं गॅमा होणारच आहे ना शेवटी, मग कशाला एवढं टेन्शन.

वेळ वाढवून खरंच फरक पडेल का? कुणी या लाइनमध्ये असेल तर सांगा प्लीज.

प्लेटिंगवाले_काका

ताई, वेळ वाढवू नका आधी टाकीत वाकून बघा. तुमची पहिली अल्ट्रासॉनिक टाकी, जिच्यात थेट मशीनवरचे तेलकट जॉब जातात, तिच्यात दुपारी तीन वाजता काय दिसतं? मिसळीवर तर्री असते तशी वर तेलाची पट्टी तरंगत असणार. जॉब खाली मस्त साफ होतो आणि बास्केट वर उचलताना त्याच तर्रीतून बाहेर येतो, म्हणजे धुऊन झाल्यावर परत तेलाचा हात फिरला. २० मिनिटं केलीत तर तेल अजून जास्त सुटेल आणि पट्टी अजून जाड होईल, बाकी काही नाही. टाकीला ओव्हरफ्लो पाहिजे नाहीतर स्किमर पाहिजे, तेही नसेल तर निदान बास्केट उचलायच्या आधी वरचं पाणी एका बाजूला ढकलून काढायची सवय लावा मुलांना.

अ‍ॅनोडायझिंग हे चुगलखोर असतं हे लक्षात ठेवा. टायटॅनियमवरचा रंग हा काय पेंट नाही, ऑक्साइडच्या थराची जाडी जशी तसा रंग, आणि जाडी ठरते व्होल्टेजवर. जिथे तेलाचा किंवा डिटर्जंटचा पातळ पापुद्रा आहे तिथे थर नीट वाढत नाही म्हणून फिकट ढग. म्हणजे तुमचा जॉब पॅसिव्हेशनमधून गेला तरी वर काहीतरी होतंच. बरेच जण समजतात नायट्रिक सगळं खाऊन टाकतं, तसं नसतं हो, त्याचं काम लोखंडाचे कण वगैरे काढणं आणि ऑक्साइड नीट करणं. ग्रीसच्या थराखाली अ‍ॅसिड धड ओलंच करत नाही पृष्ठभाग, मग करणार काय ते. म्हणून अ‍ॅसिडच्या आधीच जॉब तेलमुक्त पाहिजे, नंतर नाही.

पांढऱ्या रेघेचं मला जवळजवळ नक्की वाटतंय की डिटर्जंट सुकलाय. ६० डिग्रीतून गरम जॉब बाहेर काढला, मुलगा फोनवर बोलत दोन मिनिटं थांबला, की थ्रेडमध्ये अल्कलाइन केमिकल सुकतं, आणि त्यात सिलिकेट असेल तर ते एकदा सुकलं की साध्या रिंझला दाद देत नाही. वर तुम्ही रिंझ नळाच्या पाण्यात करताय म्हणजे कॅल्शियम फुकट. मधल्या जॉबना जास्त म्हणताय ना, म्हणजे बास्केट गच्च भरताय. अल्ट्रासॉनिकला सावली पडते, मागच्या जॉबपर्यंत पोचत नाही. पत्रा-फॉइल टेस्ट करा, साधी किचनची अ‍ॅल्युमिनियम फॉइल उभी धरून टाकीत सोडायची मिनिटभर, सगळीकडे सारखी भोकं पडली पाहिजेत. एका कोपऱ्यात भोकं आणि बाकी फॉइल कोरी, तर तुमचा ट्रान्सड्यूसर (टाकीत लहरी सोडणारा भाग) गेलाय एखादा. आणि नवीन पाणी भरल्यावर जॉब टाकायच्या आधी टाकी नुसती चालवून हवा काढता की नाही? पाण्यात हवा असली की जोर कमी होतो.

नट_बोल्ट_७७

एवढं कशाला, शेवटी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून एअर गनने फुंकायचं, आमच्याकडे तर सगळे असंच करतात ऑटोच्या पार्टला. काही प्रॉब्लेम नाही येत.

टुटलिंगनकर

ऑटोच्या पार्टला हाड चिकटायचं नसतं भाऊ 🙂

मी जर्मनीत टुटलिंगनला असतो, सर्जिकल इन्स्ट्रुमेंट आणि इम्प्लांटचं गाव आहे हे, दर चौथ्या घरातला माणूस याच धंद्यात. अ‍ॅसिटोन वाईट नाही पण त्याचा गैरसमज फार आहे. ते तेल विरघळवतं, मग स्वतः उडून जातं आणि तेल तिथेच सोडून जातं, फक्त आता सगळीकडे सारखं पसरलेलं. एकाच डब्यातलं अ‍ॅसिटोन दिवसभर वापरलं तर संध्याकाळचे जॉब तेलाच्या सौम्य द्रावणात बुडतायत. आणि टायटॅनियमसाठी क्लोरिनवाले सॉल्व्हंट आणि कोरडं मिथेनॉल टाळायचंच, ताण असलेल्या जॉबला त्यातून क्रॅक जाऊ शकते.

आता काकांच्या म्हणण्यात भर. अंदाजाने कुठलं केमिकल दोषी ते ठरवू नका, आधी घाण कसली आहे ते बघा, पुण्यात सेम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) आणि ईडीएक्स (कुठली मूलद्रव्यं आहेत ते दाखवणारी तपासणी) करून देणाऱ्या लॅब आहेत. पांढऱ्या रेघेवर बीम ठेवा. सिलिकॉन, सोडियम, फॉस्फरस दिसलं तर डिटर्जंट. कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोरिन दिसलं तर पाणी. अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजन टोकदार कणांच्या स्वरूपात दिसलं तर ब्लास्टिंगची ग्रिट अडकलीय (डेंटलवाल्यांना हे हमखास, पण तुमचा अलॉय सिक्स-फोर असल्याने अ‍ॅल्युमिनियम तसंही थोडं दिसणारच, त्याच्या शेजारच्या साफ जागेशी तुलना करा). लोखंड, क्रोमियम, निकेल दिसलं तर स्टीलचं बास्केट किंवा टूल घासलंय.

पण एक फसवणूक सांगून ठेवतो. ईडीएक्सचा बीम मायक्रोनभर खोल जातो. तेलाचा थर काही नॅनोमीटरचा असेल तर तो त्याला दिसतच नाही, आणि लॅबवाला ‘क्लीन’ असा रिपोर्ट देऊन मोकळा होतो. त्यासाठी एक्सपीएस ही क्ष-किरणांची तपासणी लागते, ती वरचे पाच-दहा नॅनोमीटरच बघते. तिथेही शून्य कार्बन कधी येणार नाही म्हणून घाबरू नका, टायटॅनियम हवेत आलं की हवेतले हायड्रोकार्बन त्याच्यावर बसतातच, काही आठवड्यांत पाणी पसरणारा पृष्ठभाग पाणी झटकणारा होतो. म्हणूनच काही डेंटल कंपन्या इम्प्लांट सलाइनमध्ये बुडवून पॅक करतात आणि जपानी-अमेरिकन लोकांनी यूव्ही मारून तो कार्बन उडवायचं काम बरंच केलंय. तुम्हाला बघायचंय ते वेगळं, म्हणजे तुमच्या चांगल्या लॉटपेक्षा वाईट लॉटवर कार्बन किती जास्त आहे.

रोजच्या शॉपफ्लोरला यातलं काही नको. शेवटच्या डीआय रिंझनंतर जॉब उचला आणि पाण्याचा पडदा बघा. अखंड राहिला तर ठीक, थेंब थेंब होऊन फाटला तर तेल आहे. फुकटातली टेस्ट आणि मुलांनाही कळते. स्क्रूच्या थ्रेडवर कळत नाही म्हणून त्याच बारमधून कापलेली एक चपटी चकती प्रत्येक बास्केटमध्ये टाकत जा, सगळ्या प्रोसेसमधून तीच फिरेल.

गॅमाचं म्हणाल तर तुमच्या प्रॉडक्शनवाल्यांना २००० सालची सुल्झरची गोष्ट सांगा. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला सुल्झर ऑर्थोपेडिक्सचा कारखाना, तिथे बनलेले खुब्याच्या सांध्याचे इंटर-ऑप नावाचे कप. बनवताना वापरलेल्या मशीन ऑइलचा अंश काही कपांवर राहिला. कप स्टराइल होते बरं का, जंतू नव्हते. पण हाड धरेचना, कप सैल व्हायला लागले, लोकांच्या जांघेत दुखायला लागलं. डिसेंबर २००० मध्ये रिकॉल आला तोवर साधारण १७,५०० माणसांच्या अंगात ते बसवून झाले होते. हजारो जणांना परत ऑपरेशन करून घ्यावं लागलं, कंपनीला जवळपास १ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली, नाव बदलून सेंटरपल्स केलं आणि २००३ मध्ये झिमरने ती विकत घेतली. पुढे क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न विद्यापीठात प्रयोग झाले त्यात दिसलं की मशीन ऑइल असलेल्या टायटॅनियमवर हाडाच्या पेशी नीट चिकटतच नाहीत. गॅमाचा डोस २५ किलोग्रे मारा नाहीतर ५० मारा, तेल तिथेच.

भोसरी_क्यूए

बापरे. खूप थँक्यू काका आणि दादा. ओव्हरफ्लो आहे टाकीला पण तो बंद करून ठेवलाय, केमिकल वाया जातं म्हणून. फॉइल टेस्ट आजच केली, एका बाजूला खरंच कोरी आली!! सेमला उद्या सॅम्पल देते.

नट_बोल्ट दादा, अ‍ॅसिटोन नाही पण एअर गनने फुंकणं आमच्याकडेही चालतं बरं का, डीआय रिंझनंतर लगेच, ओव्हनला टाकायच्या आधी. प्रोसेस शीटमध्ये ते लिहिलेलंच नाहीये पण पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून सगळे करतात. याचा काही संबंध असेल का?

प्लेटिंगवाले_काका

संबंध? अहो ढगांचं उत्तर तिथेच असायची शक्यता आहे. कॉम्प्रेसर कुठला आहे, तेलवाला स्क्रू टाइप की ऑइल-फ्री? साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाची वाफ येते, फिल्टर वेळेवर बदलला नाही तर थेंबसुद्धा येतात. मुलगा हेड समोर धरून फुंकतो म्हणून डाग हेडवर, थ्रेडवर नाही, लागतंय का गणित? स्वच्छ पुसलेला आरसा घ्या, गन अर्ध्या फुटावर धरून मिनिटभर फुंका आणि तिरप्या उजेडात बघा. पांढरा फिल्टर पेपर धरला तरी कळतं.

फुंकायचंच असेल तर ऑइल-फ्री लाइन टाका, शेवटी कोळशाचा फिल्टर. नाहीतर शेवटचं रिंझ गरम डीआयमध्ये करा आणि हळू उचला, जॉब आपोआप सुकत येतो, डाग पडायला पाण्यात काही असावं तर लागेल ना. डीआयची कंडक्टिव्हिटी प्लांटला बघू नका, शेवटच्या टाकीत मीटर बुडवा. प्लांटला मस्त रीडिंग आणि टाकीत नायट्रिकचं पाणी साचलेलं असं नेहमी बघितलंय मी. रिंझ तीन टाक्यांत उलट दिशेने वाहतं ठेवा, ताजं पाणी शेवटच्या टाकीत पडेल आणि तिथून मागे मागे येईल, पाणी तेवढंच लागतं आणि शेवटची टाकी स्वच्छ राहते.

अजून दोन गोष्टी आठवल्या. शनिवारी संध्याकाळी मशीनवरून उतरलेले जॉब सोमवारी धुता का? तेल दोन दिवसांत घट्ट होतं, मग कुठलं पण डिटर्जंट आणा. निदान साध्या ऑइलमध्ये बुडवून तरी ठेवा, उघडे सुकवू नका. आणि साफ जॉब कसल्या पिशवीत ठेवता? साध्या पॉलिथिन पिशव्यांमध्ये त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मेणासारखं काहीतरी मिसळलेलं असतं, ते जॉबवर उतरतं. पावडरवाले ग्लोव्हज असतील तर ते आजच बंद.

लॅबमधली_मी

मायक्रो आणि बायोकॉम्पॅटिबिलिटीच्या लॅबमध्ये काम करते म्हणून सायटोटॉक्सिसिटीबद्दल सांगते. त्या टेस्टच्या आयएसओ १०९९३-५ स्टँडर्डमध्ये उंदराच्या एल९२९ पेशी वापरतात आणि जिवंत पेशींचं प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेलं की फेल. टायटॅनियम स्वतः त्याच्यात कधीच फेल होत नाही, काठावर आलं म्हणजे वर काहीतरी सोडलेलं आहे, आणि माझ्या अनुभवात जास्त करून डिटर्जंट असतं, ते पाण्यात सुटतं म्हणून पेशींना लगेच लागतं. तेल उलट पाण्यात सुटतच नाही, त्यामुळे तेलकट जॉबसुद्धा या टेस्टला आरामात पास होऊ शकतो. पास झाला म्हणजे साफ आहे असं कृपया समजू नका.

हेच टीओसीचं, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बनचं. पाण्यात एक्स्ट्रॅक्ट करून टीओसी काढलं तर डिटर्जंट सापडेल, तेलासाठी हेक्झेनसारख्या सॉल्व्हंटमध्ये वेगळं एक्स्ट्रॅक्शन करून हायड्रोकार्बन मोजावे लागतात. ऑर्थोपेडिक इम्प्लांटच्या स्वच्छतेसाठी आयएसओ १९२२७ आहे २०१८ चं, त्यात दोन्ही वेगवेगळं मागितलंय ते उगाच नाही.

अजून एक जे कुणी काढलं नाही. डीआय वॉटर. क्षार काढणाऱ्या रेझिनमधून पाणी फिरत नसेल, रविवारी लाइन बंद असेल, तर पाइपात बॅक्टेरिया वाढतात, कंडक्टिव्हिटीला त्याचा पत्ता लागत नाही. गॅमामध्ये ते मरतात पण त्यांच्या भिंतीचे तुकडे म्हणजे एंडोटॉक्सिन जॉबवर राहतं, ते ऑटोक्लेव्हलाही दाद देत नाही, २५० डिग्रीची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते तेव्हा जातं. सर्वसाधारण इम्प्लांटला एका नगामागे २० ईयू म्हणजे एंडोटॉक्सिन युनिटची मर्यादा धरतात. सोमवारी सकाळी पहिलं पाणी सॅम्पलला द्या, बुधवारचं नको, बुधवारी सगळ्यांचं पाणी चांगलं असतं.

दंतवैद्य_कोल्हापूर

वाचून अंगावर काटा आला कारण आम्ही दुसऱ्या टोकाला बसलेलो असतो. आम्हाला शिकवतात इम्प्लांटला ग्लोव्ह लावायचा नाही, बाटलीतून थेट ड्रायव्हरवर घ्यायचा आणि जागेवर न्यायचा, लाळ लागू द्यायची नाही. आणि बाटलीतच तेल असेल तर आम्ही काय करणार. बर्लिनच्या क्लीनइम्प्लांट फाउंडेशनने बाजारातले सीलबंद डेंटल इम्प्लांट सेमखाली बघितलेत, त्यांचे फोटो बघण्यासारखे आहेत, नावाजलेल्यांचे पण.

पण आमच्या धंद्यातलीही घाण सांगतो, म्हणजे फक्त कंपन्यांना बोललो असं नको. हीलिंग अबटमेंट. पेशंटच्या हिरडीत दोन-तीन महिने बसलेला टायटॅनियमचा तुकडा, पाकिटावर सिंगल यूज लिहिलेलं, आणि आपल्याकडे तो काढायचा, घासायचा, अल्ट्रासॉनिक, ऑटोक्लेव्ह आणि पुढच्या पेशंटला. स्टराइल असतो. पण फ्लॉक्सिन बी नावाचा प्रोटीन रंगवणारा डाय लावून अमेरिकेत तपासले तर धुऊन ऑटोक्लेव्ह केलेल्या जवळपास सगळ्यांवर प्रोटीन शिल्लक निघालं, ड्रायव्हर बसतो त्या षटकोनी खाचेत तर हमखास. ऑटोक्लेव्हमध्ये ते शिजून आणखी घट्ट बसतं. काही सहकारी म्हणतात पेशंटला परवडत नाही, ठीक आहे, पण मग पेशंटला तसं सांगा तरी.

इथल्या धातूवाल्यांना माझा एक प्रश्न. इम्प्लांटभोवती पस झाला की आम्ही हिरडीचा फ्लॅप उघडून तोंडातच इम्प्लांट साफ करतो. स्टीलच्या क्युरेटने (खरवडायच्या हत्याराने) टायटॅनियमवर चरे पडतात म्हणून प्लास्टिकचे आले, तर प्लास्टिकचे कण थ्रेडमध्ये अडकतात. शेवटी क्लोरहेक्सिडिनने धुवायची पद्धत आहे. ते बरं की सलाइन?

सीएसएसडी_नाशिक

मी हॉस्पिटलच्या सीएसएसडीत म्हणजे निर्जंतुकीकरण विभागात आहे, डॉक्टरांचं ऐकून राहवलं नाही. ऑर्थोच्या ट्रेमध्ये प्लेटी आणि स्क्रू उघडे लावलेले असतात, केसमध्ये चार वापरले जातात आणि उरलेले सगळे परत आमच्याकडे. रक्ताचे शिंतोडे उडालेले, न वापरलेले. तोच स्क्रू वर्षभर ट्रेबरोबर धुतला जातो, ऑटोक्लेव्ह होतो, शेवटी कुणाच्या तरी अंगात जातो. ओटीमधून ट्रे येताना कुणीतरी हायपोमध्ये (ब्लीचच्या पाण्यात) बुडवून पाठवतं, ३१६ एलच्या स्टीलला तर ते फार वाईट, बारीक खड्डे पडतात. आणि सगळ्यात न बोललेली गोष्ट म्हणजे इन्स्ट्रुमेंट मिल्क. कात्र्या-फोर्सेप्सचे सांधे मोकळे राहावेत म्हणून ते दूध वापरतात, त्यात तेल असतं, पूर्ण ट्रे त्याच्यात बुडवला की इम्प्लांटला पण लागतं. आम्ही आता स्क्रूची रॅक आधी बाजूला काढतो, मग बाकीच्याला मिल्क. कुणी सांगितलं नव्हतं, एका सीनियर सिस्टरनी चालू केलं.

टुटलिंगनकर

सिस्टरना माझा नमस्कार सांगा.

डॉक्टर, क्लिनिकलमध्ये मी बोलणं बरं नाही पण पृष्ठभागापुरतं सांगतो. क्लोरहेक्सिडिन टायटॅनियमच्या ऑक्साइडला धरून बसतं, धुतल्यावरही पूर्ण सुटत नाही, आणि हाडाच्या पेशींना ते सोसत नाही असे प्रयोगशाळेतले निकाल आहेत. तोंडातल्या जंतूंसाठी ते चांगलं म्हणून धातूसाठी चांगलं असं नाही. शेवटचा हात भरपूर सलाइनचा असावा एवढं नक्की. घासायला टायटॅनियमचेच ब्रश मिळतात, किंवा ग्लायसिन, एरिथ्रिटॉलची पावडर. आम्लधर्मी फ्लोराइड जेल मात्र टायटॅनियमजवळ नको, ते ऑक्साइड खातं.

भोसरी ताई, सेमचे फोटो आले की टाका इथे, पण त्याआधी एक. ऑडिटवाला विचारेल किती मिलिग्रॅम चालेल, आणि घाईत कुठून तरी आकडा उचलून लिहू नका. तुमचे जे जॉब आधीपासून बाजारात आहेत आणि ज्यांची तक्रार नाही त्यांच्यावरचं रेसिड्यू पाण्यात आणि सॉल्व्हंटमध्ये मोजून घ्या, तुमच्या सगळ्यात अवघड जॉबवर म्हणजे बहुतेक आरपार भोक असलेला कॅन्युलेटेड स्क्रू, साध्या स्क्रूवर नाही. भोकाचा व्यास आणि लांबी लिहिलीत तर त्याला नोझल कसला लावायचा ते सांगतो, नुसत्या अल्ट्रासॉनिकने ते भोक धुतलं जात नाही.

भोसरी_क्यूए

कॅन्युलेटेड आहे ना, १.४ चं भोक आणि लांबी ६० मिमी पर्यंत. आरसा करून बघितला, धुरकट झालाय. कॉम्प्रेसरच्या फिल्टरवर बदलल्याची तारीखच नाही. नोझलचं सांगा दादा.